कालरेषेचे व्याकरण : व्हिडिओ गेममधील संगीताचे संपादन

चित्रपटाच्या संपादकास प्रसंगाची लांबी आधीच ठाऊक असते. त्या मापाने तो संगीताचे तुकडे कालरेषेवर बसवितो. व्हिडिओ गेममध्ये मात्र प्रसंग केव्हा संपावयाचा, हे खेळाडूच ठरवितो. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चार स्वरांचे आवर्तन शत्रू घटत जातील तसे द्रुत होई, परंतु तेथे पालटे ती केवळ लय. एका धुनेतून दुसरीत सांधा न जाणवता जाण्याचा प्रश्न मायकेल लँड व पीटर मॅक्कॉनेल यांनी लुकासआर्ट्समध्ये ‘आयम्यूज’ ही प्रणाली रचून हाताळला. १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’मधील वुडटिक गावात खेळाडू दुकानाबाहेर पडला, की संगीत एकाएकी तुटत नाही, योग्य जागा येताच ते जोडतुकड्यावरून गावाच्या धुनेकडे वळते. पुढे ‘एफमॉड स्टुडिओ’सारख्या साधनांत संगीतकार कालरेषेवर तुकड्यांसोबत संक्रमणाच्या खुणा व अटीही मांडू लागला.

सारांश, येथे कालरेषा हे वाक्य नसून व्याकरण होय. एका खेळाचे ध्वनिमुद्रण म्हणजे त्या व्याकरणातून निघालेले एकच वाक्य. तेवढेच जपले आणि नियम गमावले, तर पुढील अभ्यासकाच्या हाती उक्ती राहतील, भाषा राहणार नाही.