शंभुनाथ डे : एका शोधनिबंधाची उशिरा झालेली मोजदाद

कॉलऱ्याचे जंतू माणसाचे प्राण नेमके कशाने घेतात, या प्रश्नाचे प्रयोगसिद्ध उत्तर १९५९ मध्ये कोलकात्यातून आले. ‘नेचर’ या ब्रिटिश साप्ताहिकातील तो शोधनिबंध जेमतेम दोन पानांचा होता आणि त्यावर एकच नाव होते : शंभुनाथ डे. हुगळी जिल्ह्यात १९१५ मध्ये जन्मलेले डे हे कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये, कोलकात्यातच कॉलऱ्याचा अभ्यास केल्यानंतर, हे जंतू एखादे विष निर्माण करत असावेत असे अनुमान मांडले होते. पुढील पाऊणशे वर्षे ते विष हाती लागले नाही. बहुतेक संशोधक प्राण्यांच्या रक्तात किंवा उदरपोकळीत जंतू टोचून त्याचा शोध घेत होते. म्हणजे चुकीच्या जागी शोधत होते. डे यांनी आतड्याकडे लक्ष वळवले. सशाच्या लहान आतड्याचा तुकडा जागच्या जागी दोन्ही टोकांना बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले, तर तो भाग दुसऱ्या दिवसापर्यंत द्रवाने फुगतो, हे त्यांनी सहकारी चटर्जी यांच्यासमवेत १९५३ मध्ये दाखवले. १९५९ मध्ये त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव वापरला, तरीही आतडे फुगले. जंतू स्वतः नव्हे, तर त्यांनी सोडलेले विष शरीरातील पाणी आतड्यात ओढून घेते, हे त्यातून सिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून स्वतंत्रपणे विषाच्याच भूमिकेकडे निर्देश केला होता. हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे काम अमेरिकेत १९६९ मध्ये झाले.

एवढ्या महत्त्वाच्या निबंधाची दखल प्रथम फारशी घेतली गेली नाही. एखाद्या निबंधाचा उल्लेख नंतरच्या किती निबंधांत झाला, हे पद्धतशीर मोजण्याची सोयही तेव्हा नव्हती. युजीन गारफिल्ड यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची १९६४ पासून नियमित प्रसिद्ध होऊ लागली. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने कॉलऱ्यावरील परिसंवादाचे निमंत्रण त्यांना दिले. १५ एप्रिल १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नव्हते. गारफिल्ड यांनी कॉलरा संशोधनाचा संदर्भ-नकाशा मांडून त्यातील डे यांचे स्थान दाखवणारा लेख लिहिला तो १९८६ मध्ये, म्हणजे एका वर्षाच्या उशिराने.

ही मोजदाद बारकाईने वाचावी लागते. डे यांच्या अधिक उल्लेखिल्या गेलेल्या निबंधांत १९५३ च्या निबंधाचा समावेश आहे आणि त्यात विषाचा शोध नाही, प्रयोगाची रीत आहे. ती रीत वापरणारा प्रत्येक जण त्या निबंधाचा हवाला देतो. १९५६ मध्ये डे यांनी तीच रीत ई. कोलाय या जंतूला लावली. त्या जंतूचे काही प्रकारही आतडे फुगवतात, असे आढळले आणि अतिसाराच्या संशोधनाची एक नवी शाखा पुढे त्यातून फुटली. उलट एखादा शोध पाठ्यपुस्तकात स्थिरावला की त्याच्या मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची गरज कोणाला वाटत नाही. कॉलऱ्याचे विष आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते, डे यांचे नाव क्वचितच.

२००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी सुचवलेला एच-निर्देशांक तर अशा संशोधकांना मुळातच प्रतिकूल आहे. किमान दहा उल्लेख मिळालेले दहा निबंध असतील तर निर्देशांक दहा, असे त्याचे गणित आहे. म्हणजे निबंधांची संख्या हीच निर्देशांकाची कमाल मर्यादा ठरते. त्यांतील एकाच निबंधाने सारे क्षेत्र बदलले असले तरी आकडा वाढत नाही. मोजक्याच विषयांवर, मोजक्याच सहकाऱ्यांसह लिहिणाऱ्या डे यांना या मापात उंच स्थान मिळणे कठीणच.

बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाने १९९० मध्ये डे यांच्यावर विशेषांक काढला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव त्या पारितोषिकासाठी एकाहून अधिक वेळा सुचवले होते, हे त्या अंकातून भारतीय वाचकांना कळले.