म्हातारा भिकारी आणि एक सरकारी अहवाल

समाजकल्याणाच्या इतिहासावरची पुस्तकं तशी रुक्षच. कायदे, समित्या, तक्ते! पण इंग्लंडच्या 'पुअर लॉ'बद्दल वाचताना जाणवलं, की हा इतिहास नीट कळायचा तर कवितेच्या कप्प्यातलीही दोन पुस्तकं काढावी लागतात. गरिबाला मदत कशी करावी यावर तिथे सरकारइतकेच कवीही वाद घालत होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १६०१ च्या कायद्याने आपापल्या गरिबांना पोसायची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीवर, टाकली होती. त्यासाठी तिथल्या मालमत्तावाल्यांकडून कर घेत. १७९५ मध्ये धान्य महागलं. ६ मे रोजी बर्कशायरमधल्या स्पीनहॅमलंड इथे तिथले मॅजिस्ट्रेट जमले आणि त्यांनी साधा हिशेब मांडला. पावाचा भाव इतका, तर मजुराच्या घरात आठवड्याला किमान इतके पैसे यायलाच हवेत. मजुरी कमी पडली तर उरलेले पॅरिशने द्यायचे. खाणारी तोंडं जास्त, तर रक्कम जास्त. अशीच पद्धत दक्षिणेतल्या आणखी काही भागांत होती.

आता कवी. जॉर्ज क्रॅबने तरुणपणी ऑल्डबरो या समुद्रकाठच्या गावात गरिबांवर औषधोपचार केले होते. त्यामुळे १७८३ च्या 'द व्हिलेज'मध्ये खेड्याचं गोडगोड चित्र नाही. आहे ते पॅरिशचं गरीबघर, मोडकं दार, मातीच्या भिंती, घाईघाईत येऊन तुच्छतेने बघून जाणारा डॉक्टर आणि आयुष्यभर राबून तिथे मरणारा म्हातारा. वर्डस्वर्थचा 'ओल्ड कंबरलंड बेगर' १८०० साली छापून आला. त्यातला म्हातारा दारोदार हिंडतो. कवी राज्यकर्त्यांना सांगतो, याला निरुपयोगी समजू नका, गरीबघरात कोंडू नका. त्याच्यामुळे गावाच्या मनातली दया जिवंत राहते.

वाचताना गहिवरून येतं. पण जरा थांबून विचार केला की टोचतं. त्या म्हाताऱ्याला काय हवं, हे वर्डस्वर्थ विचारतच नाही! थंडीवाऱ्यात त्याने फिरत राहायचं, ते गावकऱ्यांच्या मनाच्या भल्यासाठी. क्रॅबला गरीबघर आतून ठाऊक होतं, वर्डस्वर्थला रस्ता. दोघांनीही निदान एका माणसाकडे निरखून पाहिलं होतं.

सरकारने मात्र माणूस सोडून 'प्रवृत्ती' पाहिली. १८३२ मध्ये आयोग नेमला गेला. पॅरिशांना छापील प्रश्नावली गेली आणि सुमारे १५,००० पैकी जेमतेम दहा टक्क्यांनी उत्तरं दिली. नॅसॉ सीनियर आणि एडविन चॅडविक यांनी १८३४ मध्ये अहवाल दिला: घरबसल्या मदतीने मजूर आळशी होतात, मजुरी घसरते. उपाय असा, की मदत फक्त 'वर्कहाउस'मध्ये द्यायची, आणि तिथलं जिणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट ठेवायचं. म्हणजे खरा लाचार तेवढाच आत येईल. नवरा, बायको, मुलं वेगवेगळ्या भागांत. १८४५ मध्ये अँडोव्हरच्या वर्कहाउसमधली बातमी बाहेर आली. खतासाठी हाडं कुटायला दिलेली माणसं भुकेपोटी त्याच हाडांतला मगज खात होती.

गंमत (?) पुढेच आहे. १९६० च्या दशकात मार्क ब्लॉग या अर्थतज्ज्ञाने आयोगाने गोळा केलेली माहिती पुन्हा तपासली आणि दाखवलं, की कार्यकारण उलटं होतं. मदतीमुळे मजुरी घसरली नव्हती. मजुरी तुटपुंजी होती आणि हंगाम संपला की कामच नसायचं, म्हणून मदत द्यावी लागत होती. पुरावा अहवालाच्या परिशिष्टांत पडून होता. पण तोवर कार्ल पोलान्यीसारख्या गरिबांच्या बाजूच्या विचारवंतानेही १९४४ च्या पुस्तकात स्पीनहॅमलंडची तीच दुष्परिणामांची कथा सांगितली होती. १९६९ मध्ये निक्सन गरीब कुटुंबांना किमान उत्पन्न द्यायचा विचार करत होते, तेव्हा त्यांच्या एका सल्लागाराने पोलान्यीचे तेच उतारे विरोधात पुढे केले. एका अहवालाचं आयुष्य किती लांब असावं!

आणि हे तिकडचं तिकडेच राहिलं नाही. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामांवरची मजुरी उतरवली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. मद्रास इलाख्यात तर धडधाकट माणसाला घरापासून दहा मैलांच्या आत काम द्यायचं नाही, असा दंडक होता. काम मुद्दाम दूर आणि जड, म्हणजे 'खरा गरजू' कळेल! तर्क वर्कहाउसचाच, फक्त भिंती नव्हत्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या मजुरीविरुद्ध सरकारकडे लेखी तक्रारी केल्या.

१९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून पुढे महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा आला, १९७९ पासून लागू झाला. त्यात काम मागणं हा हक्क ठरला. २००५ च्या देशव्यापी कायद्यात तर काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यावं, लांब दिलं तर मजुरी दहा टक्के वाढवून द्यावी, अशी तरतूद होती. अंमलबजावणीच्या तक्रारी भरपूर होत्या, तो वेगळा विषय. मला मात्र हा अंतराचा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो. आधी दहा मैल चालायला लावून माणसाची परीक्षा घ्यायचे. नंतरच्या कायद्याने ते चालणं भरपाई देण्याजोगं मानलं. गरिबांसाठीची कुठलीही नवी योजना वाचताना मी हल्ली आधी एवढंच शोधतो, की तिने चालायचं कुणाला सांगितलंय.