पाठराखीण हवी, भाट नको: कवितासंग्रहाच्या मागच्या पानाची गोष्ट

चंदीगडहून बोलतेय. आजचा विषय आहे कवितासंग्रहाच्या मागच्या बाजूला छापलेला आठ-दहा ओळींचा मजकूर. इंग्रजीत त्याला ब्लर्ब म्हणतात. मराठीत मलपृष्ठावरचा मजकूर, किंवा अधिक गोड शब्दात, पाठराखण. प्रश्न असा, की या मजकुराचा खरंच काही उपयोग असतो का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला फारसा पडत नाही. तो दुकानात जातो, पुस्तक मधूनच उघडतो, दोन कविता वाचतो आणि ठरवतो. आमच्याकडे सेक्टर १७ मध्ये इंग्रजी, हिंदी, पंजाबी पुस्तकं मिळतात, पण नवा मराठी कवितासंग्रह चाळायला मिळत नाही. महाराष्ट्राबाहेरच्या तुमच्यापैकी अनेकांचं असंच असेल. आपल्याला संकेतस्थळावर दोन फोटो दिसतात, एक पुढच्या पानाचा, एक मागच्या. पैसे घालायचे की नाही, हे त्या दहा ओळींवर ठरतं. म्हणून या ओळींचा इतिहास पाहू या.

आधी शब्द. आपल्याकडे नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते, तेव्हा सोबत पाठराखीण जाते. तिचं काम नवरीची स्तुती करणं नसतं. अनोळखी घरात तिला सोबत द्यायची, तिला काय हवं-नको ते सासरच्यांच्या कानावर घालायचं, आणि चार दिवसांनी परत यायचं. पुस्तकामागच्या मजकुराला हा शब्द कुणी लावला असेल, त्यानं फार नेमकं काम केलं आहे.

कवीनं दुसऱ्या कवीची पाठराखण करणं छपाईपेक्षा कितीतरी जुनं आहे. इथून चार-पाच तासांच्या रस्त्यावर, गुरदासपूर जिल्ह्यात, घुमान आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं, ते संत नामदेवांमुळे. नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्याच ग्रंथात संत रविदास आपल्या पदात नामदेव, कबीर, त्रिलोचन, सधना, सैन अशी नावं घेतात. आपल्या आधी या वाटेनं कोण कोण पार झालं, ते सांगतात. ही साक्षच आहे. स्वतः नामदेवांनीही दुसऱ्यांसाठी हेच केलं. ज्ञानदेवांच्या तीर्थयात्रेचे आणि समाधीचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरात महाद्वारापाशी समाधी देणारे नामदेवच, असं परंपरा सांगते. ज्याला देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्याच्या पाठीशी उभं राहणं हे चार गोड शब्दांत भागत नाही. त्यात सांगणाऱ्याचीही पत पणाला लागते.

आता छापील पुस्तकाकडे येऊ. १८५५ मध्ये वॉल्ट व्हिटमननं न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये 'लीव्ज ऑफ ग्रास' स्वतःच्या खर्चानं छापलं. त्यात १२ कविता होत्या. एक प्रत त्यानं इमर्सन या मोठ्या लेखकाला पाठवली. इमर्सननं खासगी पत्रातून मनापासून कौतुक कळवलं. व्हिटमननं काय करावं? १८५६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्या पत्रातलं अभिनंदनाचं वाक्य सोनेरी अक्षरांत, इमर्सनच्या नावासह छापून टाकलं. परवानगी घेतलीच नाही. पुस्तकाच्या अंगावर दुसऱ्याचं प्रशस्तिपत्र मिरवण्याचं हे सुरुवातीचं, सगळ्यात गाजलेलं उदाहरण. आणि ते कवितेच्या पुस्तकाचं आहे, हे लक्षात ठेवा.

'ब्लर्ब' हा शब्द त्यानंतर ५१ वर्षांनी आला, तोही थट्टेतून. १९०७ मध्ये गेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकानं पुस्तकविक्रेत्यांच्या वार्षिक मेजवानीसाठी आपल्या पुस्तकाला एक खोटं वेष्टन चढवलं. त्यावर तोंडाशी हात धरून ओरडणाऱ्या बाईचं चित्र होतं, नाव मिस बेलिंडा ब्लर्ब. प्रकाशक आपल्या मालाची कशी जाहिरात करतात, त्याची ती नक्कल होती. गंमत अशी, की थट्टा विसरली गेली आणि शब्द धंद्यात पक्का झाला.

म्हणजे दोन वाटा दिसतात. एक साक्षीची, दुसरी ओरडण्याची. मराठी कवितेत साक्षीची वाट फार चांगली चालली गेली आहे. दोनच उदाहरणं घेते.

पहिलं बहिणाबाई चौधरींचं. जळगावजवळच्या आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. कविता जात्यावर, शेतात, घरकामात सुचल्या आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. मग मुलानं, कवी सोपानदेवांनी, ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवलं. अत्र्यांनी हे धन दडवून ठेवणं हा गुन्हा आहे असं म्हणत ते छापायचा आग्रह धरला. १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' आली, ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. तेव्हा अत्र्यांचा शब्द महाराष्ट्रभर ऐकला जात होता. खानदेशी बोलीतल्या, निरक्षर शेतकरी बाईच्या कविता शहरी वाचकानं बाजूला सारू नयेत, म्हणून त्यांनी आपलं वजन वापरलं.

दुसरं १९७२ चं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा', प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर नावाजलेले नाटककार होते, पण मुंबईची ती वस्ती आणि कवितेतले अनेक शब्द त्यांच्या ओळखीचे नव्हते. त्यांनी ते लपवलं नाही. ढसाळांना अर्थ विचारले, त्यांच्याबरोबर तो भाग हिंडून पाहिला, आणि मग लिहिलं. वाचक जिथे अडखळणार, तिथे ते स्वतः आधी अडखळून आले होते.

तुम्ही म्हणाल, या तर प्रस्तावना, मागच्या पानावरचा मजकूर नव्हे. बरोबर. पण आजच्या बहुतेक संग्रहांत लांब प्रस्तावना नसते. तिचं काम त्या दहा ओळींच्या अंगावर येऊन पडलं आहे. म्हणून मोजमाप तेच लावायला हवं.

पाठराखणीवाचून कविता पोचतच नाही का? पोचते, पण मग आवाज लागतो. घुमानजवळच्या बटाल्याचं नाव लावणारे शिवकुमार बटालवी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या चंदीगडमध्ये बँकेत नोकरी करत होते. 'लूणा'साठी त्यांना १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. पण पंजाबात ते घरोघरी पोचले ते स्वतःच्या गळ्यातून, आणि पुढे सुरिंदर कौर, जगजीत सिंग यांच्या गळ्यातून. आपल्या नव्या मराठी कवीला हे भाग्य क्वचित मिळतं. काही शे प्रतींची आवृत्ती आणि लांबचा वाचक, एवढंच त्याच्या हाती असतं.

इथल्या माझ्या एका पंजाबी शेजारीण बाईंना माझ्या पुस्तकांचं कुतूहल आहे. नवं पुस्तक आलं की विचारतात, "इस में क्या है?" मी मागचा मजकूर त्यांना हिंदीत करून सांगते. 'आश्वासक', 'चिंतनगर्भ', 'समष्टीशी नातं सांगणारी', 'मराठी कवितेत मोलाची भर' हे सगळं हिंदीत सहज जातं, आणि ऐकून त्या विचारतात, "वो तो ठीक है, पर है क्या?" ज्या मजकुरात कवयित्री ऊसतोड कामगारांच्या तांड्याबरोबर वाढली, कविता कोयत्याविषयी आहे, एवढं जरी लिहिलेलं असेल, तिथे त्या म्हणतात, "एक सुनाओ."

तेव्हा उपयोग आहे. भरपूर आहे. फक्त तीन गोष्टी तपासा. मजकुरात एखाद्या कवितेचं नाव घेतलं आहे का? कवीची भाषा, गाव, काम यांविषयी एक तरी ठोस गोष्ट आहे का? आणि कवीचं नाव पुसून दुसऱ्याचं घातलं तरी मजकूर तसाच चालतो का? चालत असेल, तर लिहिणाऱ्यानं पुस्तक उघडलं असेलच असं नाही.

कवींना आणि प्रकाशकांना माझी विनंती एवढीच: मोठं नाव शोधू नका, पुस्तक दोनदा वाचणारा माणूस शोधा. आणि जमलं तर त्या दहा ओळींतल्या चार काढून तिथं एक कविता छापा. दुकानात येऊ न शकणाऱ्या वाचकाला तेवढंच पान उघडून पाहता येतं.

तुमच्याकडच्या कुठल्या संग्रहाची पाठराखण तुम्हाला खरंच कवितेपर्यंत घेऊन गेली, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.