तळ्याहून मुंबई बघायला

मुंबईला पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला काय दाखवायचं हे ठरवायला फार डोकं लावावं लागत नाही. गेटवे, म्युझियम, व्हीटी, राजाबाई टॉवर, क्रॉफर्ड मार्केट, राणीबाग, म्हातारीचा बूट आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. वेळ उरलाच तर घारापुरी. माझ्या वडिलांच्या लहानपणी हीच यादी होती आणि आज कुठल्याही ट्रॅव्हल साइटवर थोड्याफार फरकाने हीच आहे.

मला ही यादी आत्ता आठवायचं कारण म्हणजे पुढच्या लाँग वीकेंडला तळ्याहून काका, काकू, दोन चुलत भावंडं आणि आजी अशी पलटण मुंबई बघायला निघाली आहे आणि प्लॅन करायचं काम माझ्याकडे आलंय. (आयटीवाल्याला एक्सेल येतं, म्हणजे सहलीचं प्लॅनिंगही येतं, असा आमच्या घरात एक समज आहे.) ज्यांना तळा माहीत नाही त्यांच्यासाठी: मुंबई-गोवा रस्त्यावर इंदापूरला आत वळायचं. हे इंदापूर रायगडातलं, उजनीच्या पाण्याजवळचं नव्हे. डोक्यावर तळगड, खालच्या अंगाला मांदाडची खाडी, आणि मध्ये आमचं गाव.

तर सवयीप्रमाणे शीटमध्ये ठिकाणांपुढे एक जादा कॉलम टाकला, बांधल्याचं वर्ष. क्रॉफर्ड मार्केट १८६९. राजाबाई टॉवर १८७८. व्हीटी १८८८. म्युझियम लोकांसाठी उघडलं १९२२ मध्ये, गेटवे १९२४ मध्ये. मरीन ड्राइव्ह १९३० च्या दशकातला. म्हातारीचा बूट ज्या कमला नेहरू पार्कात आहे ते तर स्वातंत्र्यानंतरचं, १९५२ चं. सगळ्यात म्हातारी निघाली राणीबाग, १८६२ ची. म्हणजे घारापुरीची लेणी सोडली, तर ज्याला आपण ‘मुंबई बघणं’ म्हणतो ते जवळजवळ सगळं साधारण नव्वद वर्षांत तयार झालेलं आहे.

मग त्याच्या आधी लोक मुंबईत काय बघत होते?

याचं उत्तर द्यायला आपल्याकडे एक झकास पुस्तक आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचं ‘मुंबईचें वर्णन’, साल १८६३. मुंबई शहरावरचं मराठीतलं हे पहिलं मोठं पुस्तक. मुरली रंगनाथन यांनी त्याचा इंग्रजी अनुवादही केला आहे, त्यामुळे मराठी वाचायचा कंटाळा असणाऱ्या मित्रांनाही सबब नाही. पुस्तकाचं वर्ष नीट बघा. वरच्या यादीतलं राणीबाग सोडून त्यात काहीच असू शकत नाही! उलट त्या सुमाराला बार्टल फ्रिअर साहेबाने किल्ल्याच्या, म्हणजे फोर्टच्या, भिंती पाडायला घेतल्या होत्या. फ्लोरा फाउंटनसुद्धा १८६४ चं. आपण ज्याला जुनी मुंबई म्हणतो ती तेव्हा व्हायची होती.

तेव्हाच्या पाहुण्याने मुंबादेवी, महालक्ष्मी, वाळकेश्वर केलं असणार, ते ओघाने आलंच. पण त्यापलीकडची बघण्यासारखी ठिकाणं काय होती? टांकसाळ. गोदी. टाउन हॉल, जो १८३३ चा आहे आणि आजही उभा आहे. कापसाचा बाजार. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला धावलेली आगगाडी. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी काढलेल्या पहिल्या कापड गिरणीनंतर उभ्या राहत गेलेल्या गिरण्या. थोडक्यात, लोक शहर चालतं कसं ते बघत होते. नाणं कुठे पडतं, गाडी कशी ओढली जाते, सूत कसं निघतं. मला हे आपल्या यादीपेक्षा जास्त आवडलं. आपण इमारतीसमोर उभं राहून फोटो काढतो आणि पुढे जातो, आत काय चालतं हे विचारतही नाही. १८८९ मध्ये आचार्य आणि शिंगणे या जोडीचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला तोवर व्हीटी उभी राहिली होती, आणि पाहुणे मान वर करून बघायला लागले असतील.

आता राहण्याचा प्रश्न. लाँग वीकेंडला मुंबईतल्या हॉटेलांचे दर बघून कुणालाही घाम फुटतो, पण हा प्रश्न जुनाच आहे. साहेबासाठी वॉटसनचं हॉटेल होतं, १९०३ पासून ताज. मराठी माणूस ऐपतीचा असेल तर क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या सरदारगृहात उतरे. लोकमान्य टिळक तिथेच उतरत आणि १ ऑगस्ट १९२० ला तिथेच गेले. बाकीच्यांना भुलेश्वर, सी. पी. टँककडच्या धर्मशाळा. आणि आमच्यासारख्या कोकणातल्यांना? त्यांना गावकीची खोली.

ज्यांनी ही खोली पाहिली नाही त्यांना ती समजावणं अवघड आहे. परळ, लालबाग, माझगावच्या चाळीत गावाने मिळून घेतलेली एक दहा बाय बाराची जागा. भिंतीला प्रत्येकाचा एक खिळा, भिंतीकडेला प्रत्येकाची एक ट्रंक. माणसं पंधरा-वीस. सगळी मावायची कशी? गिरणीच्या पाळ्या तीन, त्यामुळे सगळे एकदम झोपायला कधीच नसत. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. आम्ही ज्याला रिसोर्स शेअरिंग म्हणतो आणि त्यावर सर्टिफिकेटं घेतो, ते हे लोक कुणी न शिकवता करत होते. जेवण खानावळीत. गावाहून कुणी मुंबई बघायला आलाच तर त्याच खोलीत, कुणाच्या तरी रात्रपाळीच्या जागेवर.

माझे आजोबा अशा खोलीत तीस वर्षं राहिले. १९५२ मध्ये गेले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. आजोबा त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला ट्रंक घेऊन तळ्याला आले ते कायमचे. या तीस वर्षांत आजी तळ्याला भातशेती बघत होती. शिमग्याला आणि गणपतीला नवरा, एरवी मनीऑर्डर. तळ्यात अशी घरं किती असतील ते मोजायला घराघरात जायची गरज नाही, प्रत्येक आळीत विचारलं तरी पुरे. आजी मुंबईला एकदाच गेली, डोळ्यांच्या ऑपरेशनला. तेव्हा डोळ्यांवर पट्टी होती.

त्यामुळे मी फोनवर तिला आपली प्रसिद्ध यादी वाचून दाखवली तेव्हा तिने सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “ते गेटवे नि काय ते पोरांना दाखव रे बाबा. मला ह्यांची खोली दाखव. आणि गिरणीचा दरवाजा.”

म्हणजे १८६३ च्या पाहुण्याची यादी आणि आजीची यादी एकच निघाली. शहर चाललं कसं ते तिला बघायचं आहे. फरक एवढाच, की ते ज्या माणसाच्या जिवावर चाललं त्यातला एक तिचा होता. गिरणगावातल्या बऱ्याच गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि टॉवर आहेत. कुठे नुसती चिमणी ठेवली आहे, तीही शोभेला. पण लालबागच्या काही जुन्या चाळी अजून उभ्या आहेत. काकांनी जुन्या माणसांकडून चाळीचं नाव काढलंय, रविवारची सकाळ त्यासाठी ठेवली आहे.

राहता राहिला जायचा रस्ता, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त वेळ घेऊन गेला.

आज आपण तळ्याहून मुंबई म्हटलं की रस्ता धरतो. पण आमच्या भागाचं तोंड शेकडो वर्षं पाण्याकडे होतं. राजपुरीची खाडी आत येते ती थेट मांदाडपर्यंत. त्या खाडीवर कुड्याची लेणी आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये एक वैद्य आहे, एक माळी आहे आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. म्हणजे कधीकाळी घाटावरची माणसं आमच्याकडे येत होती, आणि मुंबई तेव्हा होती कुठे? पुढे आगबोटी आल्या. त्या कोकणातल्या बंदरांना लागत, आणि पावसाळा आला की उघड्या समुद्रातली ये-जा बंद, ती थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. दुसरी वाट नागोठण्याची. तिथवर अंबा नदीतून बोट येई. महाबळेश्वरला थंड हवा खायला जाणारे गोरे साहेबसुद्धा एके काळी मुंबईहून नागोठण्याला उतरून महाडवरून वर चढत, म्हणजे आमच्या इंदापूरवरूनच जात. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि त्यांची वाट बदलली. आमची तीच राहिली.

मुंबई बंदराच्या आतली रेवस-धरमतरची वाहतूक मात्र पावसातही चाले, आणि ‘रामदास’ची गोष्ट इथेच येते. १७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढी अमावास्या. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं. गटारीची सुट्टी गावी घालवायला निघालेली माणसं सकाळी भाऊच्या धक्क्यावर जमली आणि रामदास बोट सातशेच्या वर माणसं घेऊन रेवसला निघाली. काशाच्या खडकाजवळ पाऊस, वारा आणि मोठ्या लाटा. बोट एका बाजूला कलली, भेदरलेली माणसं दुसऱ्या बाजूला धावली, आणि ती उलटली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. रेवसहून मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी मासळी टाकून हाती लागतील तेवढी माणसं उचलली. तरी सहाशेहून जास्त माणसं गेली. टायटॅनिकवर आपण सिनेमे बघितले, ही गोष्ट मात्र कुलाबा जिल्ह्याबाहेर फार कुणी सांगत नाही.

आजी तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या माहेरच्या गावातली दोन माणसं त्या बोटीवर होती.

नंतर एस. टी. आली, पण गाडीने जायचं तर खाडीला वळसा घालून ठाण्यावरून. वाशीचा पहिला पूल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. १९९३ मध्ये रोह्याच्या पुढे वीरपर्यंत कोकण रेल्वे आली आणि माणगावला गाडी मिळायला लागली. मुंबई-गोवा रस्त्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि ते वर्षानुवर्षं किती रखडलं यावर मी लिहायला बसलो तर हा लेख संपायचा नाही. मार्च २०२० मध्ये मांडवा ते भाऊचा धक्का रो-रो सुरू झाली, गाडीसकट तासाभरात मुंबई. आणि १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला, जवळजवळ २२ किलोमीटर, शिवडीला उतरायचं. शिवडी म्हणजे लालबाग-परळच्या अगदी दारात.

माझं मन रो-रोवर होतं. पाण्यावरून मुंबईत शिरणं हीच मुंबई बघायची खरी रीत, असं माझं मत आजही आहे. पण आजी बोटीत बसणार नाही म्हणाली, आणि तिला आग्रह करणं मला बरं वाटलं नाही. तेव्हा सेतूवरून जायचं. तिला डावीकडच्या खिडकीशी बसवायचं, म्हणजे बंदर आणि घारापुरीचा डोंगर दिसेल.

बाकी भावंडांसाठी रविवारी सकाळी घारापुरी. सोमवारी ती बंद असते, लाँग वीकेंडवाल्यांनी हे आधीच बघून ठेवा. १८ डिसेंबर २०२४ ला ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं गेली, तेव्हापासून लाइफ जॅकेटबद्दल कडक झालेत. कुणी दिलं नाही तरी मागून घ्यायचं आणि फोटोसाठी काढायचं नाही, असं दोघांना बजावलंय. शनिवारी दुपारी राणीबाग. ज्या दगडी हत्तीमुळे घारापुरीला एलिफंटा नाव पडलं तो तिथेच आहे, आणि काळा घोडासुद्धा १९६५ पासून तिथेच. सोमवारी सकाळी फोर्टात विजेवरच्या डबलडेकरची वरची पुढची सीट धरायची, कारण जुन्या डिझेलवाल्या १५ सप्टेंबर २०२३ ला गेल्या. बाराच्या आत निघायचं, नाहीतर पेणपर्यंत सगळी मुंबई आपल्यासोबत रस्त्यावर असते.