हंगामाच्या सुरुवातीची हार

हंगामाच्या शेवटी मोठा पराभव झाला तर तो तिथेच संपतो, कारण संघ सुट्टीवर जातो आणि बोलणारेही थकतात. तिसऱ्या-चौथ्या सामन्यातच पाच गोल झाले तर मात्र पाठीराख्यांना पुढचे काही महिने तोच संघ घेऊन बसायचे असते. प्रशिक्षक बदला, गोलरक्षक बदला, अमक्याला कशाला घेतले, अशी चर्चा नाक्यावर सुरू होते आणि पुढचा सामना होईपर्यंत थांबत नाही. ही हार किती झोंबते आणि कशी पचते, हे दोन गोष्टींवर ठरते: पुढचा सामना कधी आहे आणि संघ मुळात कोणाचा आहे. महाराष्ट्रात या दोन्हींची उत्तरे गावागणिक निराळी आहेत.

मुंबईत फुटबॉल आला तो पलटणींबरोबर. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा पहिल्या वर्षी वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकली आणि पुढची कित्येक वर्षे हा चषक गोऱ्या पलटणींमध्येच फिरत राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा प्रथमच तो भारतीय संघाकडे आला. स्वातंत्र्यानंतर मुंबईचा फुटबॉल कचेऱ्या आणि गिरण्यांच्या आधाराने वाढला. कॅल्टेक्स, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया ही संघांची नावेच त्यांचा मालक सांगतात. खेळाडूला नोकरी मिळे आणि संघाला सहकाऱ्यांच्या टाळ्या. कूपरेज मैदानाच्या गॅलरीत जाणकार प्रेक्षक होता, पण कंपनीचा संघ हरला म्हणून एखादी आळी सुन्न झाली असे सहसा घडत नसे. कंपनीने खेळाचा विभाग बंद केला की त्या संघाचे समर्थनही संपायचे.

कोल्हापुरात याच्या अगदी उलट घडले. तिथे संघ पेठेचा आहे. शाहू महाराजांच्या राजवटीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला राजाश्रय मिळाला आणि पेठापेठांतल्या तालमी भरभराटीला आल्या. तालीम म्हणजे निव्वळ आखाडा नव्हे. गणपती तिथेच बसतो, काही तालमींत मोहरमचे पंजेही बसतात, आणि भांडण मिटवायचे तर लोक तिथेच जमतात. फुटबॉल या तयार घरात शिरला. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. केएसए या नावाने ओळखली जाणारी ही संस्था छत्रपती घराण्याच्या आश्रयाखाली आजही शहरातला फुटबॉल चालवते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, संध्यामठ, ऋणमुक्तेश्वर, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम: संघांची ही यादी वाचली तरी अर्ध्या शहराचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. खेळाडू या पेठेतून त्या पेठेत जातात, अलीकडे नायजेरियातूनही येतात. पाठीराखा मात्र जन्मतो त्याच तालमीचा राहतो.

सामने होतात राजर्षी शाहू स्टेडियमवर. या जागी पूर्वी रावणेश्वराचे तळे होते, ते बुजवून मैदान झाले. हंगाम साधारणपणे हिवाळ्यात केएसएच्या साखळी स्पर्धेने सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. मोठ्या सामन्याच्या दिवशी दुपारपासून पेठा हलू लागतात. दोन्ही बाजूंचे लोक गॅलरीत आपापल्या ठरलेल्या जागी बसतात, कारण चुकीच्या पायऱ्यांवर बसणे अंगाशी येऊ शकते. हलगी घुमते, झेंडे फिरतात आणि समोरच्या गॅलरीला उद्देशून अशा घोषणा होतात, की त्यातल्या निम्म्या कुठल्याही वर्तमानपत्राला छापता येणार नाहीत. कोल्हापूरकर या सामन्यांना ‘ईर्षेचे सामने’ म्हणतात. जिंकलेल्या पेठेत गुलाल उधळतो आणि दुचाकींची फेरी निघते. ती फेरी हरलेल्या पेठेवरून नेण्याचा मोह पुष्कळदा आवरत नाही, आणि पोलिसांचा बंदोबस्त त्यासाठीच असतो.

हरलेल्या पेठेत काय होते? सुरुवातीला कोणी बोलत नाही. मग तालमीच्या कट्ट्यावर पंचनामा होतो. कोण दमला, कोणाला उशिरा उतरवले, कोणाने सरावाला दांडी मारली, हे सगळे नावानिशी निघते आणि ज्याचे नाव निघते तो शेजारच्याच बोळात राहत असतो. इथल्या टीकेची धार आणि तिची मर्यादा दोन्ही या शेजारात आहेत. ज्याला शिव्या द्यायच्या त्याच्या घरच्या लग्नाला परवा जायचे असते. दुसरीकडे, या जवळिकीचा राग होताना वेळ लागत नाही. गॅलरीतून बाटल्या आणि दगड येणे, सामना थांबणे, गुन्हे दाखल होणे, संघांवर कारवाई होणे हा कोल्हापूरच्या फुटबॉलचा सततचा डाग आहे. चांगल्या खेळाडूंची फळी असूनही शहराचे नाव राज्याबाहेर कमी घेतले जाते, त्यात या हुल्लडबाजीचा वाटा नक्कीच आहे.

तरीही कोल्हापुरी पाठीराख्याला हंगामाच्या आरंभीचा मोठा पराभव सोसता येतो, आणि त्याचे कारण वेळापत्रकात आहे. साखळीपाठोपाठ बाद फेरीच्या चषक स्पर्धा ओळीने लागतात. महापौर चषक, चंद्रकांत चषक, सतेज चषक अशा स्पर्धांतून तेच संघ पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात. साखळीत चार गोलांनी हरलेली तालीम दोन महिन्यांत त्याच प्रतिस्पर्ध्याला उपांत्य फेरीत गाठू शकते. परतफेड याच हंगामात, याच मैदानावर शक्य असल्याने पाठीराखा संघ सोडून जात नाही.

देशपातळीवरच्या क्लबांना हे बळ मिळाले नाही. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली. २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने ती जिंकली आणि २०१० मध्ये महिंद्राने संघ बंद केला. २००७ मध्ये मुंबई एफसी आणि पुणे एफसी हे दोन नवे क्लब आले. राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगमध्ये पुण्याने २०१२-१३ मध्ये दुसरे स्थान मिळवले, पण हा संघ टिकला नाही. मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला गेला आणि संपला. मालकाचे गणित बिघडले की क्लब जातो, हा अनुभव महाराष्ट्रातल्या पाठीराख्यांना इंडियन सुपर लीग येण्याआधीपासून होता.

२०१४ मध्ये आलेल्या सुपर लीगने नव्या क्लबांतून मुंबई आणि पुणे अशी शहरी चुरस तयार केली. मुंबई सिटीने १२ ऑक्टोबरला कोलकात्यात स्पर्धेचा पहिलाच सामना ०-३ असा गमावला. पुण्याची सुरुवात गोलशून्य बरोबरीने झाली. १८ ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दोघे भेटले आणि मुंबईने पुण्याला ५-० असे धुतले. ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने तीन गोल केले. सुपर लीगमधली ही पहिली हॅट्रिक. पुण्याकडे दाविद त्रेझेगे होता, फ्रान्सचा विश्वविजेता. पहिल्या आठवड्यात पुण्याच्या पाठीराख्यांच्या तोंडी त्याचेच नाव होते. या सामन्यानंतर बोलणे बचावफळीकडे वळले. गंमत अशी, की हंगामाअखेर गुणतक्त्यात पुणे सहावे आणि मुंबई सातवी राहिली. पाच गोलांचा आनंद आणि पाच गोलांचे दुःख, दोन्ही तितकेच फोल ठरले.

मुंबईचीही पाळी आली. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी गोव्यातल्या फातोर्ड्याला एफसी गोवाने त्यांना ७-० असे हरवले आणि एकाच सामन्यात गोव्याच्या दोघांनी हॅट्रिक केली. २०१८-१९ मध्ये पहिला सामना घरच्या मैदानावर ०-२ असा गेला आणि २४ ऑक्टोबरला फातोर्ड्याला पुन्हा ०-५. प्रशिक्षक जॉर्ज कोस्टा यांच्या नावाने खडे फुटले. ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ नावाने एकत्र आलेला मुंबईचा समर्थक गट मात्र अंधेरीच्या मैदानावर ढोल घेऊन येतच राहिला. संघ सावरला, गुणतक्त्यात तिसरा आला आणि उपांत्य फेरीत पुन्हा गोव्यासमोर उभा राहिला. पहिली लढत घरीच १-५ अशी गमावल्यावर त्याने गोव्यात जाऊन १-० असा सामना जिंकला. एकूण गोलांत तो बाहेर पडला, तरी त्या एका विजयाची किंमत पाठीराख्यांना कळली होती.

पुण्याचे नशीब वेगळे निघाले. त्याच हंगामात, २२ ऑक्टोबर २०१८ रोजी, बालेवाडीत बंगळूरने पुण्याला ३-० असे हरवले आणि लगेचच प्रशिक्षक मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना जावे लागले. वर्षभरापूर्वीच्या हंगामात उपांत्य फेरी गाठलेला हा संघ सातवा आला. पराभवाचे उट्टे काढायला पुढचा हंगाम उजाडलाच नाही. २०१९ मध्ये क्लब बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली.

विदर्भात सुपर लीगचा एकही संघ कधी आला नाही. फुटबॉलची जुनी वहिवाट आहे ती नागपुरात आणि कामठीच्या छावणीत; कामठीचा रब्बानी क्लब हे तिथले जुने नाव. त्या पलीकडे वाशिमसारख्या जिल्ह्यात मैदानी खेळ म्हटला की कुस्ती आणि कबड्डी. फुटबॉल येतो तो शाळेतून आणि टीव्हीवरून. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम सर्व जिल्ह्यांत राबवला आणि शाळांना चेंडू वाटले. तीन आठवड्यांनी, ६ ऑक्टोबरला, दिल्लीत भारत पहिलाच सामना अमेरिकेकडून ०-३ असा हरला. त्या भारतीय चमूत कोल्हापूरचा अनिकेत जाधव आणि न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडे ही दोन मराठी मुले होती. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने विश्वचषकातला भारताचा पहिला गोल केला, पण सामना १-२ असा गेला. घानाने चार गोल चढवले आणि भारताची स्पर्धा तिथेच संपली. वाटलेल्या चेंडूंतली हवाही बऱ्याच शाळांत फार दिवस टिकली नसावी.

वाशिम जिल्ह्यातल्या मुलांच्या वाट्याला येणारी मोठी स्पर्धा म्हणजे शालेय सुब्रतो मुखर्जी चषक. १९६० पासून चालत आलेल्या या स्पर्धेचे जिल्हा पातळीवरचे सामने शाळा उघडल्यावर, पावसाळ्यातच उरकले जातात आणि विजेता संघ अमरावती विभागात जातो. पद्धत बाद फेरीची असते. पहिल्याच सामन्यात मोठ्या फरकाने हरलेल्या शाळेला परतफेडीसाठी वर्षात आणखी एखादी शालेय स्पर्धा मिळते, आणि तीही बाद फेरीचीच. हरलेल्या संघाला पुढचा सामना नसेल, तर त्याच्यामागे उभे राहायला कोणी कशासाठी यावे? वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचे सहा संघ एकेरी साखळीत खेळवले तर एकूण १५ सामने होतात आणि प्रत्येक संघाला ५ मिळतात. दर रविवारी तीन सामने धरले तर पाच रविवार लागतात. जिल्हा क्रीडा संकुलाने तेवढे रविवार काढावेत.