वंशावळीबाहेरच्या स्त्रिया

महालयात पितरांची नावे संपली की शेवटी धर्मपिंड दिला जातो. ज्यांचे नाव-गोत्र ठाऊक नाही, ज्यांच्यामागे पाणी सोडणारे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठी तो असतो. सुर्ल्याच्या आमच्या घरी त्या दिवशी आणखी एक पान वाढले जाई आणि ते मागील दारी ठेवीत. लहानपणी आम्ही आजीला विचारले, "हे कोणाचे?" ती म्हणाली, "घाटावरून आणलेलीचे." कोणी आणली, कशासाठी आणली, असे विचारताच तिने आम्हांस कळशी देऊन विहिरीवर पिटाळले. पुढे घराण्याची वंशावळ हाती आली. तीत पिढ्यान् पिढ्यांचे पुरुष आहेत, वतनाचे तंटे आहेत, देवळातील मानपानही आहेत. लग्न होऊन आलेल्या स्त्रियाच जेथे नाहीत, तेथे 'आणलेली' कोठून असणार?

'आणलेली' हा शब्द आम्ही पुढे जुन्या कागदांत शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले की आपल्या या मुलखाचा इतिहास त्याच्यावाचून पुरा होत नाही. डिचोली आणि पेडणे हा सरहद्दीचा प्रदेश. आदिलशाही, मराठे, वाडीकर सावंत आणि पोर्तुगीज यांची ठाणी येथे एकामागून एक बसली आणि उठली. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे कायमचे गेले. आपली घराणी कोणी वतनासाठी, कोणी देवस्थानाच्या सेवेसाठी, कोणी तलवारीच्या चाकरीने येथे स्थिरावली. ठाणी बदलत तेव्हा माणसे पळत, आणि जी पळू शकत नसत ती धरली जात.

शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६७ मध्ये बारदेशावर स्वारी केली. तिचे निमित्त आपल्याच भागातील बंडखोर देसाई होते. लखम सावंत, केशव नाईक प्रभृतींनी पोर्तुगिजांच्या आश्रयाने बारदेशात ठाण मांडले होते. पुढे डिसेंबरात जो तह झाला, त्यात बारदेशातून धरून नेलेली माणसे, बायका-मुले परत करण्याचे कलम आहे. आपल्या शेजारच्या पिसुर्ल्याचे सुपुत्र पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्यभर गोव्याचे दप्तर उलगडले, म्हणून असे तह आज मराठी वाचकास ज्ञात आहेत. कलम सोडवणुकीचे आहे, हे भूषणावहच होय. परंतु परत आलेल्या स्त्रियांना त्यांच्या घरांनी उंबरठ्याच्या आत घेतले की नाही, हे तहात असण्याचे कारण नव्हते. संभाजी महाराजांच्या १६८३च्या साष्टी-बारदेश स्वारीविषयी पोर्तुगीज बाजूच्या लेखनात स्त्रियांवरील अत्याचारांचे आरोप आहेत. शत्रूची साक्ष म्हणून ती पारखून घ्यावी. परंतु केवळ शत्रूची आहे म्हणून न वाचता मिटूनही टाकू नये.

कारण आपलीच कागदपत्रे काही निराळे सांगत नाहीत. पेशवाईच्या दप्तरात 'कुणबीण' हा शब्द वारंवार येतो. येथे तो कुणबी समाजातील स्त्रीचा वाचक नसून दासीचा आहे. कोणी दुष्काळात विकली गेलेली, कोणी व्यभिचाराच्या आरोपावरून शिक्षा म्हणून दासी केलेली, कोणी लढाईत पाडाव झालेली. तिची किंमत ठरे, ती बक्षीस दिली जाई, आणि तिची लेकरे धन्याच्या दारीच वाढत. पोर्तुगिजांकडेही चित्र वेगळे नव्हते. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला लिन्शोटेन आणि त्याच्यानंतर वीसेक वर्षांनी आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल, या दोघांनीही जुन्या गोव्याच्या भररस्त्यावरील गुलामांच्या विक्रीचे वर्णन केले आहे. ब्रिटिश मुलखात १८४३च्या कायद्याने गुलामगिरीची मान्यता गेली. पोर्तुगालने १८६९ मध्ये ती रद्द केली, तरी सुटलेल्यांवर १८७८ पर्यंत चाकरीचे बंधन ठेवले. म्हणजे ही गोष्ट आपल्या आजीच्या आजीच्या काळाला भिडते.

पानिपताचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर बायका-मुले गुलाम म्हणून वाटली गेली, असे शुजाउद्दौल्याच्या चाकरीत असलेला प्रत्यक्षदर्शी काशीराज लिहितो. सदाशिवरावभाऊ परतले नाहीत, तर त्यांच्या नावाने तोतया उभा राहिला. त्याच्यामागे फौज जमली आणि १७७६ मध्ये त्याला ठार मारीपर्यंत पुण्याची झोप उडाली. त्यावर न. चिं. केळकरांनी नाटकही लिहिले. हरवलेला पुरुष परत यावा, ही आस एवढी मोठी होती की खोटा पुरुषही चालला. हरवलेल्या स्त्रीसाठी कोणी तोतयी उभी केली नाही. ती परत यावी असे वाटण्यापेक्षा ती तेथेच मेली असावी, असे मानणे घरांना सोयीचे गेले.

येथे कथेचा संबंध येतो. युद्धातील स्त्रीविषयी आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो ती कथा कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची. वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांविषयीही तशीच कथा सांगतात. स्त्रियांस उपद्रव देऊ नये, हा महाराजांचा दंडक खाफीखानासारख्या विरोधकानेही मान्य केला आहे, तेव्हा कथेचा आशय निराधार नव्हे. परंतु दंडक घालावा लागतो तो चालत आलेल्या गोष्टीलाच. शिवाय त्या कथेत बोलतो तो विजेता. सून खाली मान घालून उभी असते. 'स्वामी'ने (१९६२) आपल्याला रमाबाई दिल्या, 'राऊ'ने (१९७२) मस्तानी दिली, 'पानिपत'ने (१९८८) रणभूमी दिली. आमच्या वाचनातील कुणबीण मात्र बहुधा समई लावते आणि निघून जाते.

इतरत्र हे मौन सुटले आहे. अमृता प्रीतम यांच्या 'पिंजर'मधील (१९५०) पूरो पळून घरी पोहोचते, तर जन्मदातेच तिला परत पाठवतात. फाळणीत नेल्या गेलेल्या स्त्रियांच्या शोधासाठी १९४९ मध्ये कायदा झाला होता. परंतु माघारी आलेलीच्या मनात काय चालले आहे, हे सांगायला कथाच लागली. कोरियातील किम हाक-सून यांनी १४ ऑगस्ट १९९१ रोजी, अर्धशतकाच्या मौनानंतर, जपानी सैन्याने आपल्याला कसे राबवले ते जगापुढे सांगितले. पुढे १९९७ मध्ये नोरा ओक्जा केलर या कोरियन-अमेरिकन लेखिकेची कादंबरी आली. तीत आईच्या मृत्यूनंतर मुलीला आईचे गतायुष्य कळते. जिला ती भ्रमिष्ट समजत आली, ती सारा वेळ काहीतरी सांगत होती. हे पान वाचताना आम्हांस मागील दारचे पान आठवले.

आमच्या आजीने उत्तर दिले नाही, तरी पान मात्र कधी चुकवले नाही. घराने लपवले ते बायकांनी असे विधींच्या आडोशाने सांभाळले. तुमच्याही घरी एखादे पान, एखादी ओटी, परसातील एखादा नाव नसलेला दगड असेल. गावात कोणाला लाज वाटेल असे काही छापण्याची गरज नाही. परंतु घरातील वडीलधाऱ्या बायका आहेत तोवर विचारावे आणि लिहून ठेवावे. उद्याच्या मराठी कादंबरीकाराला दप्तरापेक्षा त्याचाच आधार अधिक होईल.

गेल्या महालयात आम्ही वंशावळीची नवी प्रत करविली. तीत सुना आणि लेकी यांची जेवढी नावे मिळाली तेवढी घातली. शेवटी एक ओळ वेगळी आहे : 'घाटावरून आणलेली. नाव ठाऊक नाही.' तिचे पान यंदा आत, इतरांच्या पंक्तीत वाढले.