कंपायलेशनचा वेग (मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांतील)

हजारो फाइलींत विखुरलेला सोर्स कोड कंपायलरमधून काढून, लिंकरने जोडून त्यापासून चालणारा प्रोग्रॅम बनवायला जो वेळ लागतो, तो कमी करण्याच्या उपायांचा हा विषय. या साऱ्या प्रक्रियेला प्रोग्रॅमर ‘बिल्ड’ म्हणतात. सगळे पुसून पहिल्यापासून केलेला पूर्ण बिल्ड वेगळा आणि एखादी फाइल बदलल्यावर तेवढ्यापुरता केलेला बिल्ड वेगळा. प्रोग्रॅमरच्या दिवसभराच्या वाट्याला येतो तो मुख्यतः दुसरा. वेग वाढवायचे म्हटले की जास्त कोअरचे मशीन, वाटून काम करणारे सर्व्हर, जुने निकाल जपून ठेवणारा कॅश ही नावे आधी पुढे येतात. ही साधने उपयोगाची आहेतच. पण सी आणि सी++ मधल्या मोठ्या प्रकल्पांचा इतिहास पाहिला तर दुखण्याचे मूळ एका फाइलीने दुसऱ्या किती फाइलींवर अवलंबून राहावे यात सापडते. ते तसेच ठेवून केलेले इतर उपाय काही काळ आराम देतात, आणि कोड वाढला की प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

अवलंबित्वाची नोंद ठेवणारे पहिले प्रसिद्ध साधन म्हणजे ‘मेक’. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये लिहिले. त्याला निमित्त झाले ते एका सहकाऱ्याच्या वाया गेलेल्या सकाळचे: सोर्समधली चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल नव्याने कंपाइलच झाली नव्हती, आणि हे गृहस्थ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले होते. म्हणजे मेक जन्मले ते अचूकपणासाठी. वेग त्याच माहितीतून मिळाला, कारण काय काय पुन्हा कंपाइल केलेच पाहिजे हे नक्की कळले की बाकीचे निर्धास्तपणे सोडून देता येते. ही माहिती अपुरी असेल तर दोन्हीकडून तोटा होतो. प्रत्येक डिरेक्टरीसाठी वेगळे मेक चालवण्याच्या रूढ पद्धतीवर पीटर मिलर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस टीका केली ती याच मुद्द्यावर. अवलंबित्वाचा आलेख तुकड्यातुकड्यांत वाटला गेला की कोणत्याच तुकड्याला पूर्ण चित्र दिसत नाही, आणि लोक खबरदारी म्हणून गरजेपेक्षा जास्त कंपाइल करू लागतात.

सी भाषेतली अडचण याहून खोल आहे. अनेक फाइलींना लागणाऱ्या घोषणा आणि व्याख्या ज्या फाइलीत ठेवतात ती हेडर फाइल; ‘इन्क्लूड’ हा आदेश तिचा मजकूर जसाच्या तसा त्या जागी आणून ओततो. त्या हेडरमध्ये आणखी हेडर, त्यांच्यात आणखी. आणि हे सारे प्रत्येक सोर्स फाइलीसाठी पुन्हा पहिल्यापासून. रॉब पाइक यांनी गूगलमधल्या एका मोठ्या सी++ प्रोग्रॅमचे २००७ मधले मोजमाप प्रसिद्ध केले आहे. सुमारे दोन हजार फाइली, एकत्र केल्या तर ४.२ मेगाबाइट, हेडर उलगडल्यावर कंपायलरच्या पुढ्यात पडला तो मजकूर ८ गिगाबाइटांहून जास्त. म्हणजे माणसांनी लिहिलेल्या प्रत्येक बाइटमागे कंपायलरला सुमारे दोन हजार बाइट वाचावे लागत होते. हे काम शेकडो मशीनवर वाटले तर घड्याळातला वेळ कमी होतो, पण वाचायचा मजकूर एका बाइटनेही घटत नाही.

लिनक्स कर्नलचे उदाहरण इथे तपशिलात पाहण्याजोगे आहे, कारण तिथे हा प्रश्न मुळातून हाताळण्याचा प्रयत्न झाला. कर्नलमधल्या मुख्य हेडरांची संख्या दहा हजारांच्या घरात आहे. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला कर्नलचे डेव्हलपर इंगो मोल्नार यांनी ‘फास्ट कर्नल हेडर्स’ नावाने २,२९७ पॅचची (कोडमधल्या सुट्या बदलांची) मालिका मांडली. एका संदर्भ-कॉन्फिगरेशनवर त्यांचा पूर्ण बिल्ड सुमारे २३१ सेकंदांवरून १३० सेकंदांवर आला, तोही त्याच मशीनवर आणि त्याच कंपायलरने. कोणती प्रोसेस कधी चालवायची हे ठरवणाऱ्या शेड्युलरचे मुख्य हेडर हे यातले ठळक प्रकरण. प्रोसेसचे वर्णन करणारी ‘टास्क स्ट्रक्ट’ ही रचना त्यात असल्यामुळे कर्नलमधल्या असंख्य फाइली ते ओढून घेतात. पूर्वी ते उलगडले की तेरा हजारांहून अधिक ओळी होत. या मालिकेत त्या आठशेच्या आत आल्या.

हे कसे साधले ते समजून घेतले की हेडर का फुगतात हेही कळते. एखाद्या रचनेत दुसऱ्या रचनेचा नुसता पॉइंटर ठेवायचा असेल, तर ‘अशी एक रचना आहे’ एवढी एका ओळीची घोषणा कंपायलरला पुरते; तिच्या आत काय आहे हे माहीत असायची गरज नसते. पण तीच रचना अख्खी आत ठेवली, की तिचा आकार कळलाच पाहिजे, आणि म्हणून तिचे हेडर आणावे लागते. इनलाइन फंक्शनांचेही, म्हणजे ज्यांचा कोड वापरल्या जागीच बसवला जातो त्यांचेही, तसेच. हेडरमध्ये चार ओळींचे फंक्शन लिहिले आणि त्याने दुसऱ्या रचनेच्या एका फील्डला हात लावला, की त्या रचनेची संपूर्ण व्याख्या, आणि तिच्यामागून येणारे हेडरांचे लटांबर, सगळ्यांच्या माथी बसते. मोल्नार यांनी अशी फंक्शने हेडरमधून काढून सोर्स फाइलींत नेली, घोषणांची हेडरे आणि व्याख्यांची हेडरे वेगळी केली, आणि टास्क स्ट्रक्टमधली काही फील्ड तिच्या व्याख्येबाहेर काढली. इनलाइन फंक्शन बाहेर नेल्याने प्रोग्रॅम चालताना किंचित मंदावेल हा आक्षेप रास्त आहे. दर सेकंदाला लाखो वेळा धावणाऱ्या वाटेवर तो निर्णायकही ठरू शकतो, आणि तिथे इनलाइन ठेवलेच पाहिजे. मात्र हेडरांत बसलेली बरीच फंक्शने अशा वाटेवर नसतात. लिहिताना सोयीचे पडले म्हणून ती तिथे आलेली असतात.

यावरचा मोठा आक्षेप खर्चाचा आहे. हजारो पॅच लिहायचे आणि तपासायचे त्यापेक्षा कॅश बसवावा आणि कोअर वाढवावेत, हे स्वस्त नाही का? कॅशपुरते बोलायचे तर सीकॅशसारखे साधन फाइलीचा आणि तिने ओढलेल्या हेडरांचा मजकूर पाहून ठरवते की जुना निकाल वापरता येईल की नाही. शाखा बदलून परत येताना किंवा तोच कोड दुसऱ्यांदा बांधताना त्याचा फायदा फार मोठा होतो. पण सर्वांनी ओढलेल्या हेडरमध्ये एक फील्ड वाढवले, की त्यावर विसंबलेल्या एकूण एक फाइलींचा मजकूर बदलतो आणि कॅश रिकाम्या हाताने परत येतो. नेमक्या ज्या बदलाने सर्वांत जास्त वाट पाहावी लागते, तिथे तो कामी येत नाही. कोअरांची गोष्ट थोडी वेगळी. फाइली एकमेकींपासून स्वतंत्रपणे कंपाइल होत असल्याने समांतर काम छान वाटले जाते, पण शेवटचे लिंकिंग सगळ्यांसाठी थांबून राहते. तिथे अवलंबित्व न बदलताही वेग वाढवता आला, हे मान्य केले पाहिजे: इयान लान्स टेलर यांचा ‘गोल्ड’, पुढे ‘एलएलडी’ आणि रुई उएयामा यांचा ‘मोल्ड’ हे लिंकर निव्वळ चांगल्या बांधणीच्या आणि समांतर कामाच्या जोरावर जुन्यांच्या कितीतरी पुढे गेले.

अनेक सोर्स फाइली एकत्र करून एकदमच कंपाइल करण्याचा ‘युनिटी बिल्ड’ हा उपाय अवलंबित्वाच्या विचाराविरुद्ध जातो असे वाटू शकते. हेडर एकदाच वाचले जातात म्हणून पूर्ण बिल्ड झपाट्याने होतो. पण गठ्ठ्यातली एक फाइल बदलली तरी अख्खा गठ्ठा पुन्हा कंपाइल होतो, आणि वेगवेगळ्या फाइलींतली एकाच नावाची स्थानिक फंक्शने एकमेकांवर आदळतात. तरीही कर्नलच्या ५.१८ आवृत्तीत शेड्युलरच्या बऱ्याच फाइली मोल्नार यांनीच दोन गठ्ठ्यांत एकत्र आणल्या. त्या फाइली लहान होत्या आणि तीच ती हेडरे ओढत होत्या. त्यांच्यामधली भिंत कंपायलरच्या लेखी नुसता खर्च होती. सीमा कुठे असावी हे ओळखून कधी ती आखावी लागते, कधी पुसावी लागते.

हेडरांची अख्खी मालिका मात्र कर्नलमध्ये एकगठ्ठा गेली नाही. तिच्यातले तुकडे गेले. याचे एक कारण तांत्रिक आहे. एका हेडरमधून अनावश्यक इन्क्लूड काढले, की त्याच्या आडून भलत्याच वस्तू मिळवणाऱ्या फाइली मोडतात, आणि त्या दुसऱ्याच प्रोसेसरसाठीच्या किंवा क्वचित निवडल्या जाणाऱ्या कॉन्फिगरेशनमधल्या असू शकतात. म्हणून असे काम लहान पॅचमध्ये, निरनिराळी कॉन्फिगरेशन बांधून पाहतच करावे लागते. ते खर्चिक आहे हे खरेच. पण त्याचे फळ एका मशीनपुरते राहत नाही. कर्नल बांधणाऱ्या प्रत्येकाला, जुन्या लॅपटॉपवरच्या विद्यार्थ्यालाही, ते मिळते. त्याच कर्नलच्या बिल्ड पद्धतीत या विचाराचा एक छोटा, फार सुंदर नमुना बऱ्याच वर्षांपासून आहे. कॉन्फिगरेशनचे सर्व पर्याय एका हेडरमध्ये असतात आणि ते प्रत्येक फाइलीत ओढले जाते. त्यावर सरळ विसंबले तर एक पर्याय बदलताच सगळा कर्नल पुन्हा बांधावा लागेल. ‘फिक्सडेप’ नावाचा चिमुकला प्रोग्रॅम अवलंबित्वाच्या यादीतून ते हेडर वगळतो, फाइलीत प्रत्यक्ष कोणत्या पर्यायांचे नाव आले आहे ते शोधतो, आणि तेवढ्याच पर्यायांवर तिचे अवलंबित्व नोंदवतो.

भाषाच बदलली तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. गो भाषेत कंपाइल झालेल्या पॅकेजमध्येच त्याच्या बाहेरच्या रूपाची माहिती साठवलेली असते, न वापरलेले इम्पोर्ट ही चूक धरली जाते आणि चक्राकार इम्पोर्टला मनाई आहे. गूगलच्याच एका मोठ्या गो प्रोग्रॅममध्ये मजकुराची फुगवट दोन हजार पटींऐवजी चाळीस पटींच्या आसपास आढळल्याचे पाइक यांनी नोंदवले आहे. सी++ मध्ये २०२० च्या प्रमाणकाने मॉड्यूल आणले, आणि एकच मजकूर पुनःपुन्हा वाचण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. मात्र पूर्वी कोणतीही सोर्स फाइल कोणत्याही क्रमाने कंपाइल करता येई. आता ज्या मॉड्यूलवर ती विसंबते ते आधी तयार असावे लागते, आणि हा क्रम कळण्यासाठी बिल्ड साधनाला कंपायलेशनपूर्वीच फाइली चाळाव्या लागतात. लांबलचक साखळीत एकामागून एक गुंफलेली मॉड्यूल असतील, तर चौसष्ट कोअरांपैकी बहुतेक रिकामे बसून राहतात.